ठेवी वाढल्या, पण कशाने?

बँकेच्या दृष्टीने जे देणे, तेच ठेवीदाराच्या दृष्टीने येणे. व्यापारी बँकांच्या ताळेबंदात देण्याच्या बाजूस लोकांच्या ठेवींचा वाटा सर्वांत मोठा असल्याने, त्या बाजूची चढउतार पाहून देशाच्या अर्थव्यवहाराची नाडी परीक्षिण्याची पद्धत जुनी आहे. रिझर्व्ह बँक दर पंधरवड्याचे हे आकडे प्रसिद्ध करते. राष्ट्रीय उत्पन्नाचे अंदाज हाती येण्यास महिने लागतात आणि आल्यावरही ते पुनःपुन्हा दुरुस्त होतात. त्या मानाने हे साधन ताजे आहे. परंतु केवळ ठोके मोजून वैद्याचे भागत नाही.

ठेवी वाढल्याची वार्ता येताच समृद्धी वाढली असे जाहीर करण्याची घाई राज्यकर्त्यांना नेहमीच असते. ८ नोव्हेंबर २०१६ नंतरचे दिवस आठवावेत. रद्द झालेल्या १५.४१ लाख कोटी रुपयांच्या नोटांपैकी १५.३१ लाख कोटींच्या नोटा परतल्या आणि बँकांची देणी एकाएकी फुगली. यात नवे उत्पन्न कोणते होते? घरातील रोकड खात्यावर गेली, इतकेच. उलट त्याच सुमारास कर्जाची मागणी थंडावली होती.

व्याजाचीही अशीच गोष्ट. सात टक्के दराने ठेवलेले १०० रुपये मालकाने हात न लावता वर्षअखेर १०७ होतात. म्हणजे ठेवी दहा टक्क्यांनी वाढल्या असे सांगितले जाते, तेव्हा त्यातील बराच भाग जुन्याच पैशाची वीण असते. शिवाय ३१ मार्चचा ताळेबंद भरघोस दिसावा म्हणून बँकांत जी धावपळ चालते, ती बँकेत काम केलेल्या कोणासही ठाऊक आहे!

म्हणूनच एकूण आकड्यापेक्षा त्याची घडण पाहणे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. चालू खात्यांतील शिल्लक व्यापारउदिमाच्या हालचालीशी जोडलेली असते. मुदत ठेवींकडे ओढा वाढला, तर व्याजदर चढे आहेत किंवा लोक खर्चास कचरत आहेत, असा तर्क करता येतो. बचत म्युच्युअल फंडांकडे वळू लागली की बँकांना महागड्या ठेवींच्या मागे लागावे लागते. कर्जे वेगाने वाढत असताना ठेवी मागे पडल्याची चिंता रिझर्व्ह बँकेने २०२४ साली उघडपणे व्यक्त केली होती.

आमच्या गोमंतकात तर हा फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे येथील ट्रकमालकांना कर्जाचे हप्ते फेडणे दुरापास्त झाले, बार्जी धक्क्याला लागल्या. आणि राज्यातील बँकांच्या ठेवी मात्र वाढतच गेल्या! आखातातून आणि बोटींवरून येणारा पैसा, निवृत्तांची पुंजी, जमिनींच्या विक्रीतून हाती आलेली रक्कम, या साऱ्यांचा ओघ ठेवींकडे असतो, आणि खाणपट्ट्यातील चूल पेटली की विझली याच्याशी त्यांतील कशाचाच फारसा संबंध नाही. वडिलोपार्जित भाट विकून आलेला पैसाही ताळेबंदात ठेव म्हणूनच नोंदला जातो.

येथील ठेवींच्या मानाने येथे दिलेल्या कर्जाचे प्रमाण देशाच्या सरासरीहून फार खाली राहत आले आहे. ग्रामीण व निमशहरी शाखांसाठी रिझर्व्ह बँकेने ६० टक्क्यांचा दंडक घातलेला असूनही गोमंतकीयांचा पैसा बाहेर कामास लागतो, हे कटू सत्य आहे. याचा सारा दोष बँकांवर टाकणे न्यायाचे होणार नाही. कर्ज मागणारे उद्योगच थोडे असतील तर शाखाधिकारी तरी काय करणार? मात्र राज्यस्तरीय बँकर्स समितीने ठेवींचा आकडा जाहीर करताना अनिवासींच्या ठेवी किती, रहिवाशांच्या किती, व्याजामुळे झालेली वाढ किती आणि नवी भर किती, हा तपशील तालुकावार मांडावा, अशी आमची मागणी आहे. अर्थसंकल्पावर बोलताना ठेवींच्या वाढीचा दाखला देणाऱ्या आमदारांनी तो तपशील आधी मागून घ्यावा.