चेंडू आणि पदवी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधून इंग्लंडच्या क्लबांकडे जाणाऱ्या फुटबॉलपटूंना तिकडचे लोक 'स्कॉच प्रोफेसर' म्हणत असत. चेंडू घेऊन एकट्यानेच धावत सुटण्यापेक्षा तो सहकाऱ्याकडे देत देत संघाने पुढे सरकावे, ही विद्या ग्लासगोच्या क्वीन्स पार्क या १८६७ साली स्थापन झालेल्या क्लबाने प्रथम रुजवली, आणि तीच विद्या हे 'प्रोफेसर' शेजारच्या देशाला शिकवीत होते. इंग्लंडने पैसे घेऊन खेळण्यास १८८५ मध्ये मान्यता दिली. स्कॉटलंडला त्यासाठी १८९३ साल उजाडावे लागले. मधल्या काळात गुणी खेळाडूंनी दक्षिणेची वाट धरली, यात नवल नव्हते. आज त्याच देशातील सतरा-अठरा वर्षांची काही मुले त्याहून फार लांबची वाट धरीत आहेत. ती अटलांटिक ओलांडून अमेरिकेत जात आहेत; मात्र प्राध्यापक म्हणून नव्हे, तर विद्यार्थी म्हणून. घरच्या क्लबाचा व्यावसायिक करार पुढ्यात असताना तो बाजूला सारून अमेरिकन विद्यापीठाची शिष्यवृत्ती ती पत्करीत आहेत.

या निवडीने क्लबांचे चालक नाराज होतात, आणि ती नाराजी अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला हाताशी धरून क्लबाने त्याला घडवायचे, त्याच्यावर प्रशिक्षकाचा वेळ आणि पैसा खर्च करायचा, आणि फळ हाती येण्याच्या सुमारास त्याने सामान आवरून निघून जायचे, हे कोणालाही जाचणारच. त्यात मुलगा दुसऱ्या देशातील व्यावसायिक क्लबाकडे गेला, तर आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे त्याला घडविणाऱ्या क्लबाला भरपाई मिळू शकते. पण तो विद्यापीठात हौशी खेळाडू म्हणून गेला, तर त्या घटकेला क्लबाच्या पदरात काहीच पडत नाही. तेव्हा क्लबाला आपण लुटले गेलो असे वाटते. तथापि या तक्रारीचा रोख ज्या मुलाकडे वळविला जातो, त्या मुलापुढे क्लबाने नेमके काय ठेवले होते, हेही पाहिले पाहिजे.

पंचावन्न लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या या देशात व्यावसायिक साखळीचे चार विभाग आणि त्यांत मिळून ४२ क्लब आहेत. वरच्या विभागात १२ क्लब. त्यांतही सेल्टिक आणि रेंजर्स या दोघांची श्रीमंती एकीकडे आणि उरलेल्यांची काटकसर दुसरीकडे. खालच्या दोन विभागांत तर दिवसा नोकरी करून संध्याकाळी सराव करणाऱ्या खेळाडूंचाच भरणा अधिक असतो. सोळाव्या-सतराव्या वर्षी मुलापुढे येणारा करार बहुधा एक-दोन वर्षांचा असतो. गुडघा दुखावला, प्रशिक्षक बदलला, किंवा परदेशातून आणलेल्या एखाद्या तयार खेळाडूने त्याची जागा घेतली, की अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी त्याला निरोपाचा नारळ मिळतो. आणि हा करार येतो केव्हा? ज्या वयात त्याचे वर्गमित्र 'हायर' परीक्षेच्या अभ्यासाला बसलेले असतात, नेमके त्याच वयात. कुमार खेळाडूंना क्लबांशी जखडून ठेवणाऱ्या नोंदणीच्या नियमांविरुद्ध २०१० साली स्कॉटिश संसदेकडे एक याचिका दाखल झाली, आणि तिचा विचार सुमारे दहा वर्षे चालू राहिला. रोग नवा नाही, एवढे तरी त्यावरून दिसते.

जुने लोक म्हणतात, 'पूर्वीच्या पोरांना फुटबॉलची भूक होती. आताची पोरे सुखाला सोकावली आहेत.' या वाक्यात अर्धे सत्य आहे, आणि अर्धे सत्य हे नेहमीच दिशाभूल करणारे असते. जॉक स्टीन आणि बिल शँक्ली दोघेही कोळशाच्या खाणीतून फुटबॉलकडे आले. अलेक्स फर्ग्युसन यांनी हत्यारे बनविण्याच्या कारखान्यात उमेदवारी केली. त्या पिढीच्या पुढे एका बाजूला खाण आणि दुसऱ्या बाजूला मैदान असे दोनच रस्ते होते, आणि मैदानाचा करार दोन वर्षांचा असला तरी तो जमिनीवरच्या उजेडातला होता. स्टीन यांच्या सेल्टिकने १९६७ मध्ये लिस्बन येथे इंटर मिलानला २-१ असे हरवून युरोपचा चषक जिंकला, तेव्हा त्या संघातला प्रत्येक खेळाडू ग्लासगोच्या तीस मैलांच्या परिसरात जन्मलेला होता. ही गोष्ट आजही अभिमानाने सांगितली जाते, आणि ती सांगावी अशीच आहे. परंतु त्या खाणी आता बंद झाल्या आहेत. आजच्या मुलाला करारावर सही करताना जे सोडावे लागते ते खाणीचे विवर नसून विद्यापीठाचे दार आहे. सोडायची वस्तू इतकी मोलाची झाल्यावर बदल्यात मिळणाऱ्या वस्तूकडे माणूस अधिक बारकाईने पाहणार, हे ओघानेच आले. याला निष्ठेचा अभाव म्हणणे म्हणजे शहाणपणालाच दूषण देणे होय.

येथे एक शंका सहजच निघते. स्कॉटलंडच्या रहिवासी विद्यार्थ्याला मायदेशातील विद्यापीठात शिक्षणशुल्क भरावे लागत नाही. मग पदवीसाठी त्याने साता समुद्रापार का जावे? उत्तर असे की, प्रश्न केवळ पदवीचा नाही. मायदेशात विद्यापीठ आणि व्यावसायिक फुटबॉल ही दोन वेगळी घरे आहेत, आणि एकात राहायला जायचे तर दुसऱ्याचा उंबरठा बहुधा सोडावा लागतो. अमेरिकेत खेळ हा विद्यापीठाच्या संसाराचाच भाग आहे. तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेची मुळे १९०६ पर्यंत पोहोचतात आणि पुरुषांच्या फुटबॉलची तिची राष्ट्रीय स्पर्धा १९५९ पासून चालू आहे. मैदान, प्रशिक्षक, दुखापतीवरचा उपचार आणि वर्गातले व्याख्यान हे सारे एकाच आवारात मिळते. मुलींच्या बाबतीत तर १९७२ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांना स्त्री-पुरुष भेद करण्यास मनाई केल्यापासून अमेरिकेने जी मजल मारली, तिच्या जवळपास येण्यास युरोपला कित्येक दशके लागली. कंबरनॉल्ड गावात वाढलेली इफियोमा डिके फ्लॉरिडातील विद्यापीठात शिकली, खेळली, आणि स्कॉटलंडच्या महिला संघातून शंभराहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने खेळली. बाहेर गेलेले माणूस देशाला कायमचे दुरावतेच असे नाही, हे तिच्या उदाहरणावरून ध्यानात यावे.

मात्र अमेरिका म्हणजे कल्पवृक्ष, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. 'शिष्यवृत्ती' या शब्दाने पालकांच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते ते पुष्कळदा अपुरे असते. वरच्या श्रेणीतील विद्यापीठांना पुरुष फुटबॉलसाठी २०२५ पर्यंत प्रत्येकी ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्यांचीच मुभा होती, आणि त्या पंचवीस-तीस जणांच्या संघात वाटल्या जात. म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला तुकडाच येई, आणि उरलेली रक्कम घरून डॉलरमध्ये भरावी लागे. २०२५ च्या तडजोडीनंतर त्यात सामील झालेल्या विद्यापीठांपुरती ही मर्यादा गेली आणि २८ खेळाडूंच्या संघाची मर्यादा आली. पण प्रत्येकाला पूर्ण शिष्यवृत्ती दिलीच पाहिजे, असे बंधन कोणावर नाही. तिसऱ्या श्रेणीतील महाविद्यालये तर खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. विद्यार्थी-परवान्यावर आलेल्या मुलाला बाहेर मनासारखे काम करून तूट भरून काढता येत नाही. परीक्षेत ठराविक गुण राखले नाहीत तर खेळण्याचा हक्क जातो. शिवाय मुख्य हंगाम ऑगस्ट ते डिसेंबर एवढाच. युरोपातील समवयस्क वर्षातले नऊ-दहा महिने स्पर्धेत तावून निघत असताना हा मुलगा वसंत ऋतूत बराचसा सरावच करीत राहतो.

व्यावसायिक खेळाचे दार त्यानंतर उघडतच नाही असे नव्हे. जॅक हॅरिसन हा इंग्लिश मुलगा मँचेस्टर युनायटेडची प्रबोधिनी सोडून अमेरिकेत शाळेत गेला, वेक फॉरेस्ट विद्यापीठातून खेळला, २०१६ च्या अमेरिकन निवडीत पहिल्या क्रमांकाने उचलला गेला आणि पुढे लीड्स युनायटेडमार्फत इंग्लंडच्या सर्वोच्च साखळीत परतला. परंतु त्यानेही विद्यापीठात एकच हंगाम काढला होता. असा परतीचा प्रवास फार थोड्यांना साधतो. बाकीच्यांच्या हाती बाविसाव्या वर्षी येते ती पदवी. आणि जाताना मुलाने ही गोष्ट उघड्या डोळ्यांनी स्वीकारली असेल, तर तो सौदा काही तोट्याचा नव्हे.

अमेरिकेच्या या ओढीला इतिहासही आहे. १९२१ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन सॉकर लीगमधील पोलाद कारखान्यांच्या आणि गिरणीगावांच्या संघांनी स्कॉटलंडचे खेळाडू इतके ओढून नेले की, मायदेशी त्याला 'अमेरिकन संकट' असे नाव पडले. त्या संघांनी नुसता फुटबॉल देऊ केला नव्हता. फुटबॉलच्या जोडीला कारखान्यात नोकरी देऊ केली होती. १९३० च्या पहिल्या विश्वचषकात उपान्त्य फेरी गाठणाऱ्या अमेरिकन संघात पाच खेळाडू जन्माने स्कॉटिश होते. त्या काळी खेळाच्या जोडीला पगाराचे काम होते, आज पदवी आहे. तपशील बदलला, तरी मागणी तीच राहिली: पाय थकल्यावर पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर खेळाडूला हवे असते. जो ते देतो त्याच्याकडे तो जातो.

या साऱ्या वादात अँडी रॉबर्टसनचे उदाहरण विसरता कामा नये. सेल्टिकने पंधराव्या वर्षी त्याला नारळ दिला. २०१२ साली तो चौथ्या विभागातल्या, तेव्हा अजून हौशी असलेल्या क्वीन्स पार्ककडून विनामोबदला खेळत होता आणि हॅम्पडन मैदानाच्या कचेरीत फोन उचलण्याचे काम करीत होता. पुढच्या सात वर्षांत तो लिव्हरपूलच्या युरोपविजेत्या संघाचा डावा बचावपटू झाला, आणि स्कॉटलंडचे कर्णधारपदही त्याच्याकडे आले. त्या कठीण वर्षी त्याला हवी होती ती खेळत राहण्यासाठी एक जागा, आणि थोडा वेळ. सोळाव्या वर्षी लावलेला अंदाज हा अंतिम निकाल नसतो, हाच त्याच्या कहाणीचा धडा आहे. क्वीन्स पार्कने २०१९ मध्ये आपले हौशी व्रत सोडले. पण व्यावसायिक चौकटीबाहेर राहूनही खेळात टिकता येईल अशा जागांची गरज त्यामुळे संपलेली नाही. उलट अशी जागा घरी सापडत नाही म्हणूनच मुले ती अमेरिकेत शोधत आहेत.

मग उपाय कोणता? मुलांना देशभक्तीचे पाठ देणे हा तर नव्हेच. उपाय घरातच आहे. स्टर्लिंग विद्यापीठाला २००८ मध्ये क्रीडाक्षेत्रातील राष्ट्रीय विद्यापीठाचा मान मिळाला, आणि त्याचा संघ २०१३ पासून लोलँड लीगमध्ये, म्हणजे व्यावसायिक साखळीच्या लगतच्या खालच्या पायरीवर, खेळत आला आहे. ही एक वाट आहे. तिला आणखी वाटा फुटल्या पाहिजेत. सोळा वर्षांच्या मुलाच्या करारात त्याच्या शालान्त परीक्षेची आणि पुढील अभ्यासाची तरतूद असली पाहिजे. क्लबाने सकाळच्या सरावाचे आणि विद्यापीठाने तासांचे वेळापत्रक एकमेकांकडे पाहून ठरविले पाहिजे. परदेशी पदवी घेऊन बाविसाव्या वर्षी परतणाऱ्या खेळाडूला 'आता उशीर झाला' असे न म्हणता त्याचा खेळ पाहिला पाहिजे. आणि शाळांनी पालकांना शिष्यवृत्तीच्या कागदावरील बारीक अक्षरेही वाचून दाखविली पाहिजेत.

२०२५ च्या नोव्हेंबरात हॅम्पडनवर डेन्मार्कला ४-२ असे नमवून स्कॉटलंडने १९९८ नंतर प्रथमच विश्वचषकाची पात्रता मिळविली, तेव्हा सारा देश रस्त्यावर आला. फुटबॉलवरचे त्या समाजाचे प्रेम आटलेले नाही, हे त्या रात्री दिसून आले. अमेरिकेला निघालेला मुलगाही त्याच समाजातला, आणि तोही फुटबॉल सोडून चाललेला नाही. तो फुटबॉलसाठी बाकीचे सारे आयुष्य गहाण टाकण्यास तेवढा नकार देत आहे. ज्या देशाने एके काळी जगाकडे 'प्रोफेसर' धाडले, त्याला आपल्या खेळाडूंसाठी वर्गातला एक बाक घरीच राखून ठेवणे जड जाऊ नये.