जाहिराती बंद करून कुणाची सुटका झाली?

दृष्टीआड सृष्टी, हा या देशातल्या सोवळ्या नीतीचा पाया आहे. महारवाडा वेशीबाहेर ठेवला की गाव शुद्ध. झोपडपट्टी पत्र्याआड झाकली की शहर सुंदर. आता आपल्यातलेही काही तरुण म्हणतात, इंटरनेटवरच्या देहविक्रीच्या जाहिराती कायद्याने बंद करा, म्हणजे मुलींची तस्करी थांबेल. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण हा प्रयोग अमेरिकेत होऊन गेला आहे, त्याचा निकाल आधी वाचा.

११ एप्रिल २०१८ रोजी ट्रम्प यांनी 'फोस्टा-सेस्टा' कायद्यावर सही केली. सिनेटमध्ये तो ९७ विरुद्ध २ मतांनी पास झाला होता. मुलींना वाचवण्याच्या नावाने आणलेल्या कायद्याला विरोध कोण करणार? त्याआधी लोकांनी टाकलेल्या मजकुराची जबाबदारी सहसा वेबसाइटवर येत नसे. या कायद्याने ते संरक्षण कमी केलं आणि वेश्याव्यवसायाला चालना देण्याच्या हेतूने साइट चालवणाऱ्याला १० वर्षांपर्यंत कैद ठेवली. जबरदस्तीने आणलेली मुलगी आणि पोटासाठी स्वतः हे काम करणारी बाई, दोघींना एकाच पोत्यात भरलं.

कंपन्यांनी आपली कातडी वाचवली. सिनेटच्या मतदानानंतर दोनच दिवसांत क्रेगलिस्टने आपला 'पर्सनल्स' विभाग बंद केला. आणि ज्या 'बॅकपेज'कडे बोट दाखवून हा कायदा आणला, ती साइट ६ एप्रिललाच, सही होण्याआधी, जुन्या कायद्यांच्या जोरावर जप्त झाली होती! मग नवा कायदा हवा कशाला होता?

भोगलं बायकांनी. ऑनलाइन जाहिरात होती तेव्हा गिऱ्हाइकाला भेटण्याआधी त्याची चौकशी करता येत होती. मारहाण करणाऱ्यांच्या याद्या त्या एकमेकींना पाठवत होत्या. ते साधन गेलं. अनेकींना पुन्हा रस्त्यावर उभं राहावं लागलं, दलालाचा हात धरावा लागला, हे तिथल्या या बायकांच्या संघटना सांगत आल्या आहेत. आणि तस्कर? अमेरिकी सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०२१ च्या अहवालानुसार, मार्च २०२१ पर्यंत या कायद्याचं नवं फौजदारी कलम फक्त एका खटल्यात वापरलं गेलं. उलट साइट परदेशात गेल्यामुळे पुरावा मिळवणं पोलिसांना अवघड झालं.

अमेरिका लांब वाटत असेल तर २००५ ची डान्सबार बंदी आठवा. तेव्हाही नीतिमत्तेचा गजर होता. पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती. श्रीमंतासमोरचा नाच कला आणि गरिबासमोरचा अश्लील! २०१३ साली सुप्रीम कोर्टाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली आणि बंदीमुळे अनेक बायकांना देहविक्रीकडे वळावं लागल्याची नोंदही घेतली. भटक्या-विमुक्त जमातींतल्या कितीतरी मुली त्यात होत्या. त्यांच्या पुनर्वसनासाठी किती मोर्चे निघाले?

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीच १९३६ साली परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातल्या बायकांना हा धंदा सोडायला सांगितलं होतं. होय, सांगितलं, आणि कठोर शब्दांत सांगितलं. पण कुणाला? त्या बायकांनाच, सभेत समोर बसवून, निर्णय घेऊ शकणारी माणसं समजून. त्यांच्या पाठीमागे पोलीस लावून नव्हे. हा फरक ज्याला कळत नाही, त्याने त्या भाषणाचा दाखला देऊ नये.

आम्ही या धंद्याचा गौरव करत नाही. देवाच्या नावाने कुणाच्या मुली सोडल्या गेल्या, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. म्हणूनच सांगतो, जातीने आणि भुकेने ढकललेल्या बाईच्या हातातला फोन काढून घेणं ही मुक्ती नव्हे. २०२२ साली सुप्रीम कोर्टाने या बायकांनाही कलम २१ नुसार सन्मानाने जगण्याचा हक्क असल्याचं स्पष्ट केलं. तस्कराला पकडा, त्यासाठी कायदे आहेत. बाहेर पडू पाहणारीला जमीन, घर, शिक्षण, रोजगार द्या. आणि तिच्याबद्दलचा कोणताही कायदा करण्याआधी तिला बोलवा, तिचं ऐका. आपल्याबद्दलचे निर्णय आपल्याला बाहेर ठेवून घेतले जाणं म्हणजे काय असतं, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

जय भीम!