आजी, अज्जी आणि कित्तूरचा रविवार

नातवाच्या शाळेच्या फॉर्मवरून आमच्या घरात तीन महिने कुरबूर चालू होती. मी म्हणे मराठी माध्यम, बैलहोंगलच्या विहीणबाई म्हणत कन्नड, आणि मुलगा-सून दोघांचा कल इंग्रजीकडे. विहीणबाईंचे नि माझे फोनवरचे बोलणे 'ऊट आतेन्री?' आणि 'हो, झालं' एवढ्यावर आले होते. शेवटी सुनेनेच ठरवले, रविवारी सगळ्यांनी कित्तूरला जायचे. अम्मा तिकडून येईल, आपण इकडून.

बेळगावहून कित्तूर साधारण पन्नास किलोमीटर, पुणे-बेंगळूर महामार्गावरच. आम्ही धारवाडच्या बसने गेलो. (नॉनस्टॉप बस असेल तर कंडक्टरला आधी विचारून चढा, नाहीतर धारवाडच पाहून याल!)

राणी चन्नम्माचा वाडा आता पडका आहे. जाडजूड भिंती, न्हाणीघरे, विहीर, आणि ध्रुवतारा पाहण्यासाठी ठेवलेले म्हणून दाखवतात ते गोल भोक. नातू त्याला डोळा लावून बसला. भर दुपारी तारा कुठला दिसायला! आवारातल्या संग्रहालयात जुनी शस्त्रे आणि मूर्ती आहेत. मुलांना घेऊन जाणार असाल तर आधी तेच दाखवा, उन्हात फिरून आल्यावर ती कंटाळतात.

सावलीत टेकलो तेव्हा मी नातवाला सांगितले, "आपल्या झाशीच्या राणीसारखीच हो ही." विहीणबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "हिच्यासारखी ती म्हणा. आमची आधी."

खरेच होते. १८२४ मध्ये इथला राजा निपुत्रिक वारला. दत्तक मुलाला वारस मानायला कंपनी सरकार तयार होईना. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी धारवाडचा कलेक्टर थॅकरे फौज घेऊन आला, तो या किल्ल्यापुढेच मारला गेला. पकडलेले दोन इंग्रज अधिकारी राणीने पुढे सोडूनही दिले. पण डिसेंबरात मोठी फौज आली आणि किल्ला पडला. १८२९ मध्ये बैलहोंगलच्या कैदेतच राणी वारली. तिचा संगोळ्ळी रायण्णा पुढेही लढत राहिला. त्याला १८३१ च्या जानेवारीत फाशी दिले ते नंदगडला, म्हणजे आपल्या खानापूर तालुक्यात. माझे माहेर खानापूरचे. नंदगडच्या बाजाराला मी किती वेळा गेले असेन, पण झाशीची गोष्ट सांगताना ही कधी आठवली नाही. झाशीच्या लढ्याच्या तेहतीस वर्षे आधीची, आणि दत्तकाचे भांडण अगदी तेच.

पोटात कावळे ओरडू लागले तसे स्टँडजवळच्या खानावळीत शिरलो. खानावळ हा शब्द दोन्ही भाषांत एकच, तिथे भांडायला जागा नाही. ताटात ज्वारीची कडक रोट्टी, भरल्या वांग्याचे एणगाई, मोडाची मटकी, शेंगाचटणी, वर घट्ट दही. कडक रोट्टी मला चावेना. विहीणबाईंनी न विचारता माझ्या ताटातली रोट्टी उचलली, चुरली, वर एणगाईचा रस्सा नि दही घातले आणि ताट परत सरकवले. "असं खा." नातू एकीला 'आजी' आणि दुसरीला 'अज्जी' म्हणत दोघींकडून भरवून घेत होता.

निघताना त्यांनी पिशवीतून कारळ्याच्या चटणीची बाटली काढून दिली.

फॉर्म अजून टेबलावरच आहे. चटणी मात्र आठवड्यात संपली. परवा मीच फोन लावला. कारळे किती भाजायचे, लसूण कधी घालायचा, हे त्या कन्नडमधून सांगत होत्या आणि मी मराठीतून लिहून घेत होते. चांगला अर्धा तास गेला.