मात्रा चुकूं नये

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक वाद उपस्थित झाला. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून नातवास वरचें दूध सुरू करावें लागलें. आमच्या सौभाग्यवतींचें म्हणणें, "चारांऐवजी तीनच चमचे पूड घाल, पातळ दूध बाळास पचतें." सूनबाई म्हणाल्या, "डब्यावर लिहिलें आहे तसेंच करूं या, सासूबाई." निवाडा आमच्याकडे आला, तेव्हां आम्हीं डब्यावरील बारीक अक्षरें वाचावयास घेतलीं.

तेथें लोह, जस्त, तांबें, आयोडीन, सेलेनियम अशीं नांवें होतीं. आंतरराष्ट्रीय 'कोडेक्स' मानकाप्रमाणें 100 किलोकॅलरी देणाऱ्या दुधांत लोह निदान 0.45 मिलिग्रॅम असावें. सेलेनियम निदान 1 मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग! तें 9 मायक्रोग्रॅमांपुढें जाऊं नये, अशीही मार्गदर्शक मर्यादा आहे.

इतकें सूक्ष्म प्रमाण मोजावें कसें? पूड नत्राम्लांत घालून बंद पात्रांत तापवितात. तो द्रव आर्गॉन वायूच्या, सूर्यपृष्ठाहूनही तप्त अशा ज्योतींत फवारतात आणि तेथें विद्युद्भारित झालेले अणू वजनानुसार वेगळे करून मोजतात. त्यांतही फसगत संभवते. आर्गॉनचे दोन अणू जोडले गेले म्हणजे त्यांचें वजन 80 होतें, आणि सेलेनियमचेंही एक रूप तितक्याच वजनाचें आहे. म्हणून ही तोतया जोडी वाटेंतच दुसऱ्या वायूच्या साहाय्यानें मोडावी लागते. शिवाय ज्याचें उत्तर आधींच ठाऊक आहे असा नमुना मधून मधून तपासून यंत्राचीच परीक्षा घेतात. ही रीत आम्हां शिक्षकांच्या परिचयाची आहे!

हा खटाटोप व्यर्थ नव्हे. 1978-79 सालीं अमेरिकेंत अर्भकांच्या एका तयार आहारांत क्लोराइड हें एकच खनिज कमी पडलें आणि कित्येक बालकें आजारी पडलीं. त्यावरून 1980 सालीं तेथें कायदा झाला.

आतां वाचकांनीं त्रैराशिक मांडावें. पाणी तितकेंच ठेवून चारांचे तीन चमचे केले कीं प्रत्येक खनिज पाऊणपट झालें. पूड वाढविली तर बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांवर भार पडतो. प्रयोगशाळेनें मायक्रोग्रॅमपर्यंत सांभाळलेलें माप आपण स्वयंपाकघरांत एका चमच्यानें बुडवितों!

आईच्या दुधास तोड नाहींच. पण वैद्यानें वरचें दूध सांगितलें, तर माप तरी पाळावें. आपल्या भाषेंत प्रमाणासही मात्रा म्हणतात व औषधासही. यांत बरेंच शहाणपण आहे.

निवाडा सूनबाईंच्या बाजूनें झाला. सौभाग्यवतींनीं तो मान्य केला; इतकेंच नव्हे, तर चमचा सुरीनें सपाट करण्याचें काम आतां त्यांनींच आपल्याकडे घेतलें आहे.