मंजुरीचा कागद आणि फेरतपासणीचा फेरा

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना यांतील दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक अर्थसाहाय्य १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात गुरुकुंज मोझरी येथे श्री. बच्चू कडू यांनी जे उपोषण केले, त्यात शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबरच दिव्यांगांचे मानधन सहा हजार करावे ही मागणीही होती. तिच्या मानाने झालेली वाढ अपुरी आहे असे कोणी म्हटले, तर त्यात वावगे नाही. तथापि या निर्णयाचे स्वागत करण्यात कृपणता दाखविण्याची आमची इच्छा नाही. आम्हांस वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे ते दुसऱ्याच एका गोष्टीकडे. रक्कम वाढविणे हे मंत्रिमंडळाच्या एका बैठकीचे काम असते; पण ती रक्कम दर महिन्यास योग्य माणसाच्या हाती पडत राहणे, हे तहसील कचेरी, रुग्णालय व बँक या तिघांच्या रोजच्या कामाचे फळ असते. आणि नेमके तेथेच घोडे पेंड खाते.

अनुदान मंजूर झाल्याचे पत्र हाती आले की, घरातील मंडळींस वाटते, आता काळजी मिटली. वस्तुतः ते पत्र म्हणजे कायमची सनद नव्हे. अटींनी बांधलेला तो एक आदेश असतो. त्या अटी कोणत्या, याचा उलगडा बहुधा होतो तो अनुदान थांबल्यावर. खात्यात पैसे जमा झाले नाहीत, म्हणून माणूस बँकेत जातो. बँक तहसील कचेरीकडे बोट दाखविते. कचेरीत कळते की अमुक दाखला वेळेत आला नाही. ज्यास जिना चढणे कठीण, ज्यास फलकावरील अक्षर दिसत नाही, किंवा ज्याच्या वतीने वृद्ध आईलाच सर्वत्र हिंडावे लागते, त्याच्या वाट्यास हा प्रदक्षिणेचा योग यावा, यासारखी विसंगती दुसरी नाही.

फेरतपासणीच नको, असे मात्र आम्ही मुळीच म्हणणार नाही. सरकारी तिजोरीतील पैसा हा करदात्यांचा पैसा आहे, आणि खोट्या प्रमाणपत्रावर सवलत उपटणारा मनुष्य सरकारला फसवितो त्यापेक्षा अधिक खऱ्या अपंगास लुबाडतो. २०२४ साली महाराष्ट्रातील एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर जो गदारोळ उठला, तो अजून लोकांच्या स्मरणात आहे. खोटेपणाने असा लाभ घेणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातच सांगितल्या आहेत. तेव्हा प्रश्न तपासणी असावी की नसावी हा नाही. तपासावयाचे काय, किती वेळा, आणि तपासणीचा भार कोणी वाहावयाचा, हा खरा प्रश्न आहे.

या दृष्टीने पाहिले असता फेरतपासणी या एका नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र झाल्याचे आढळेल. पहिली गोष्ट, लाभार्थी हयात आहे की नाही. ही चौकशी वर्षातून एकदा व्हावी हे रास्तच आहे. आमच्या वाचकांपैकी जे सेवानिवृत्त आहेत, ते स्वतः दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतातच. पण त्यांच्यासाठी २०१४ पासून 'जीवन प्रमाण' ही संगणकीय सोय आहे, आणि दाखला द्यावयाचा महिनाही घरातील प्रत्येकास पाठ असतो. निराधार योजनेतील माणसास ही निश्चिती का नसावी? शिवाय बोटांचे ठसे हेच जर हयातीचे प्रमाण मानले, तर ज्याची बोटे कुष्ठरोगाने झडली आहेत त्याने काय करावे? आधारविषयक २०१८ च्या निकालात, ठसा जुळला नाही एवढ्यावरून कोणास लाभ नाकारला जाऊ नये, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने विचारात घेतला होता. आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात तर ओळख पटविण्याच्या संगणकीय पद्धती अंध व आम्लहल्ल्यात होरपळलेल्या व्यक्तींनाही वापरता आल्या पाहिजेत, असे स्पष्ट बजावले आहे.

दुसरी गोष्ट उत्पन्नाची. या योजनेची सर्वसाधारण उत्पन्नमर्यादा दीर्घकाळ वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, अशी राहिली. आजच्या बाजारभावात या आकड्याचा अर्थ काय होतो, हे नागपूरच्या कोणत्याही गृहिणीने सांगावे. पण त्याहून मौजेची बाब अशी की, उत्पन्नाचा दाखला देणारा अधिकारी तहसीलदार आणि तो दाखला मागणारी कचेरीही तहसीलीचीच. एका खिडकीने दिलेला कागद घेऊन नागरिकाने दुसऱ्या खिडकीपुढे उभे राहावे, आणि मधल्या काळात अनुदान बंद पडावे, याला तपासणी म्हणण्यापेक्षा वाहतूक म्हणणे अधिक शोभेल. जो कागद सरकारच्याच दप्तरात आहे, तो सरकारनेच शोधावा.

तिसरी आणि सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे अपंगत्व. २०१७ च्या नियमांनी येथे एक शहाणपणाचा भेद केला आहे. कालांतराने फरक पडण्याचा संभव असेल तेथे मुदतीचे प्रमाणपत्र, आणि तसा संभव नसेल तेथे कायमचे. ज्याचा पाय कापला गेला आहे, त्यास तो पुन्हा फुटणार नाही. त्याची पाच वर्षांनी पुन्हा तपासणी करणे हा शास्त्राचाही उपहास होय. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतन नियमांत कर्मचाऱ्याच्या अपंग अपत्यास कुटुंब निवृत्तिवेतन देताना हेच तत्त्व पाळले आहे: कायमचे अपंगत्व असेल तर प्रमाणपत्र एकदाच, तात्पुरते असेल तर पाच वर्षांतून एकदा. स्वतःच्या नोकरांच्या मुलांस जो न्याय, तोच मजुराच्या मुलास का नको?

परंतु सर्वच अपंगत्वे डोळ्यांस दिसणारी नसतात. १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले, आणि त्यांत सिकलसेल या रक्तविकाराचाही समावेश झाला. विदर्भास या रोगाची ओळख करून द्यावी लागत नाही. या रुग्णास वेदनांचे झटके येतात आणि जातात. मंडळापुढे उभे राहण्याच्या दिवशी तो चारचौघांसारखा चालताना दिसेल, आणि पुढच्याच आठवड्यात मेडिकल किंवा मेयोच्या खाटेवर असेल. मानसिक आजाराचेही तसेच. त्या एका दिवसाच्या टक्केवारीवर वर्षाच्या पोटाचा हिशेब ठरत असेल, तर तपासणाऱ्या डॉक्टराने त्या दिवसापुरता नव्हे, तर रुग्णाचा मागील सर्व इतिहास डोळ्यांखालून घातला पाहिजे. त्यातच २०२४ च्या नियमदुरुस्तीने प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिने झाली आहे. जुने प्रमाणपत्र संपून नवे हाती येईपर्यंतच्या या तीन महिन्यांत अनुदानाचे काय करावयाचे, याचे उत्तर सरकारने स्वच्छ शब्दांत दिले पाहिजे.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव उद्बोधक आहे. १९८० च्या कायद्याने तेथे अपंगत्व निवृत्तिवेतनाची दर तीन वर्षांनी फेरतपासणी आवश्यक झाली. १९८१ पासून रेगन प्रशासनाने ती इतक्या धडाक्याने राबविली की लाखो लोकांची नावे यादीतून उडाली. न्यायालयांत दाव्यांची रीघ लागली, अनेक राज्यांनी आदेश जुमानण्याचे नाकारले, आणि अखेर १९८४ मध्ये नवा कायदा करून प्रकृतीत सुधारणा झाल्याचे दिसल्याशिवाय सामान्यतः लाभ काढून घेता येणार नाही, असे ठरवावे लागले. आज तेथे सुधारणेची अपेक्षा असेल त्या माणसाची तपासणी सहा ते अठरा महिन्यांत होते, शक्यता असेल त्याची सुमारे तीन वर्षांनी, आणि अपेक्षा नसेल त्याची पाच ते सात वर्षांनी. वैद्यकीय कारणाने लाभ बंद करण्याची नोटीस आल्यावर दहा दिवसांत मागणी केल्यास अपिलाच्या काळात पैसे चालू ठेवण्याचीही तरतूद आहे. अपील हरल्यास ते परत करावे लागण्याचा धोका माणूस पत्करतो. धनाढ्य देशाची रक्कम आम्हांस झेपणार नाही हे खरे. पण आधी ऐकावे आणि मग तोडावे, या तत्त्वास पैसा लागत नाही.

आमच्याकडेही हे तत्त्व अगदीच परके नाही. प्रमाणपत्र नाकारल्यास त्याची कारणे अर्जदारास लेखी कळवावीत, असे नियम सांगतात. प्रमाणपत्राविरुद्ध अपिलाची सोय अधिनियमाच्या ५९ व्या कलमात आहे. प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीस कळविण्याचे बंधन माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात आहे. आणि २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमान्वये अधिसूचित सेवा नाकारली गेल्यास तीस दिवसांत प्रथम अपील करता येते. उणीव आहे ती इतकीच की, हे सारे हक्क ग्रंथात आहेत. ज्या एका कागदावर ते हवेत, त्या मंजुरीपत्रावर ते नाहीत.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक मंजुरीपत्रात सोप्या मराठीत व ठळक अक्षरांत पाच गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: रक्कम किती व कोणत्या महिन्यापासून, ती कोणत्या आधारावर मंजूर झाली, पुढील तपासणी कोणत्या महिन्यात व कशाची, त्या वेळी कोणता कागद लागेल, आणि निर्णय मान्य नसल्यास कोणाकडे व किती दिवसांत दाद मागावयाची. अनुदान थांबविण्यापूर्वी लेखी नोटीस आणि पुरेशी मुदत द्यावी. अंथरुणास खिळलेल्यांसाठी तलाठ्याने घरी जाऊन हयातीची नोंद करावी. यासाठी नवा कायदा नको. पत्राचा एक सुधारलेला नमुना आणि एक परिपत्रक पुरेल. नागपूर ही राज्याची उपराजधानी आहे, आणि हिवाळी अधिवेशनाच्या वेळी दिव्यांगांचे मोर्चे पाहण्याची सवय या शहरास आहे. तेव्हा या सुधारणेचा आरंभ नागपूरच्या जिल्हाधिकारी कचेरीपासून होण्यास काय हरकत आहे?

सुशिक्षित वर्गाचेही याबाबतीत एक कर्तव्य आहे. आपल्या घरी राबणाऱ्या बाईच्या घरात, आपल्या आळीत, अशी पत्रे येतात आणि न वाचताच ट्रंकेत पडून राहतात. ती वाचून दाखविणे, त्यांतील तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून देणे, मूळ कागद जपून ठेवून कचेरीत प्रतच द्यावयास आणि पोच घ्यावयास सांगणे, एवढे काम कोणासही करता येईल.

बेकारी, वार्धक्य, आजार व अपंगत्व अशा प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळावे, असे घटनेचे ४१ वे कलम सांगते. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग व्यक्ती होत्या. घटनेने दिलेले ते आश्वासन त्यांना दर वर्षी नव्याने सिद्ध करून मिळवावे लागत असेल, तर त्यास साहाय्य म्हणावे की परीक्षा, याचा विचार राज्यकर्त्यांनी करावा.