खाणीत उतरलेल्या बाया

बाबासाहेबांनी स्त्रियांसाठी काय केले, असे विचारले की आपल्या भगिनी चटकन हिंदू कोड बिलाचे नाव घेतात. ते बरोबरच आहे. पण त्याआधी, १९४२ ते १९४६ या काळात, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. तेव्हाच्या एका प्रकरणाबद्दल आपण फारसे बोलत नाही. ते अडचणीचे वाटते म्हणून असेल. आम्हाला वाटते, बोलावे.

झरिया-राणीगंजच्या कोळशाच्या खाणीत पूर्वीपासून नवरा-बायको जोडीने उतरत. पुरुषाने कोळसा फोडायचा, बाईने टोपलीत भरून डोक्यावरून डब्यापर्यंत वाहायचा. यात संथाळ होते, बाउरी होते; समाजाने खालच्या पायरीवर ठेवलेली माणसे. १९२९ च्या नियमांनी बायकांना टप्प्याटप्प्याने भुयाराबाहेर काढायचे ठरले आणि १९३७ मध्ये बंदी पूर्ण झाली. जिवाचा धोका टळला, हे खरे. पण घरातली एक मजुरीही गेली. तिची चूल कशी पेटणार, हे मात्र कोणी विचारले नाही.

मग दुसरे महायुद्ध आले. विमानतळ, रस्ते, छावण्या यांच्या कामावर जास्त मजुरी मिळू लागली, आणि तेही उघड्या हवेत. खाणीतले मजूर तिकडे गेले. कोळसा नसेल तर आगगाड्याही थांबणार आणि कारखानेही! ऑगस्ट १९४३ मध्ये सरकारने मध्य प्रांतात बंदी उठवली (आपले चांदा-बल्लारपूर तेव्हा त्याच प्रांतात), आणि पुढे बंगाल-बिहारमध्येही. अखिल भारतीय महिला परिषदेने विरोध केला. स्त्रियांना भूमिगत कामाला लावणार नाही, हा आंतरराष्ट्रीय करार हिंदुस्थानने १९३८ मध्ये स्वीकारला होता. तेव्हा टीका रास्तच होती, आणि खाते बाबासाहेबांकडे होते. हे झाकून ठेवण्यात काय हशील?

डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला गेले, स्वतः खाणीत उतरले, मजुरांची घरे पाहिली. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात हा प्रश्न आला. ही युद्धापुरती निकडीची व्यवस्था आहे, असे त्यांनी सांगितले. पण त्याच उत्तरात आणखी एक गोष्ट होती: खाणीत उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, आणि स्त्री-पुरुष भेद न करता समान कामाला समान दाम हे तत्त्व एखाद्या उद्योगात बहुधा पहिल्यांदाच मान्य होत आहे. भगिनींनो, समान वेतनाचा कायदा देशात आला तो १९७६ मध्ये. मधली बत्तीस वर्षे मोजून पाहा.

त्याच १९४४ साली कोळसा खाण मजुरांसाठी कल्याण निधी उभा राहिला. १९४५ मध्ये खाणीतल्या बाळंतिणींच्या कायद्यात दुरुस्ती होऊन भुयारात राबणाऱ्या बाईची विश्रांती वाढली. काम धोक्याचे असेल तर त्याचा मोबदला आणि संरक्षण दोन्ही हवे, असा तो हिशेब आम्हाला दिसतो.

१ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. युद्ध संपले होते, पुरुष परतत होते. बाया वर आल्या, आणि जोडीने मिळणारी मजुरी पुन्हा एकट्याची झाली. त्यांना खाली जायचे होते की नव्हते, हे त्यांना १९३७ ला कोणी विचारले नव्हते, १९४३ ला नाही आणि १९४६ लाही नाही.

भुयाराचे दार स्त्रियांना पुन्हा उघडले ते २०१९ मध्ये, तेही तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या जागांसाठी, लेखी संमती घेऊन. या वेळी निदान विचारले तरी.