गणित सोडताना

दहावीचा निकाल लागला की पेढ्यांचा बॉक्स रिकामा होण्याआधीच घरात पुढची चर्चा सुरू होते. आमच्याही घरात ती झाली. नातीला चांगले गुण मिळाले, विज्ञान शाखा ठरली, आणि तिला डॉक्टर व्हायचे आहे हे तर सातवीपासून सगळ्या नातेवाइकांत जाहीर झालेले होते. प्रश्न एकच उरला होता, आणि तोही तिच्या आईने, म्हणजे माझ्या मुलीने, परस्पर सोडवून टाकला होता. ‘‘बाबा, आम्ही गणित सोडतोय. क्लासवाल्यांनीच तसं सांगितलं. ‘नीट’ला गणित नाही, मग उगाच ओझं कशाला?’’

‘‘तुला काय वाटतं?’’ मी नातीला विचारले. तिने आईकडे पाहिले. ‘‘मला गणित आवडतं, आजोबा. पण सगळेच सोडतात.’’

या ‘सगळेच सोडतात’ने मला लिहायला बसवले. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले. त्यातल्या गोंधळावर आपण भरपूर बोललो. कोणते कॉलेज मिळाले, कटऑफ किती लागला, यावर घराघरांत रात्री जागवल्या गेल्या. पण कॉलेज मिळाल्यावर कोणते विषय घ्यायचे हा निर्णय अनेकदा कॉलेजच्या टेबलाशी उभ्याउभ्या पाच मिनिटांत होतो. पंधरा-सोळा वर्षांचे मूल तिथे दहा वर्षे शिकलेला एक विषय कायमचा खाली ठेवते, आणि आपण त्याला ‘ओझे कमी झाले’ म्हणतो.

क्लासवाल्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. ‘नीट’चे एकूण गुण ७२०. त्यात जीवशास्त्राचे ३६०, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचे प्रत्येकी १८०. गणिताचा एकही गुण नाही. एमबीबीएसच्या प्रवेशासाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे. गणिताची अट नाही. मग रोजचे दोन तास वाचवून जीवशास्त्राला द्यावेत, हा हिशेब कागदावर बिनचूक आहे.

पण बँकेत आयुष्य गेलेला माणूस कागदावरच्या बिनचूक हिशेबाला जरा बिचकतो. आमच्याकडे कर्जाचा अर्ज आला की आम्ही दोन प्रश्न विचारायचो. पहिला, पैसे कुठून परत येणार? दुसरा, ती वाट आटली तर दुसरी कोणती? पहिल्याचे उत्तर सगळ्यांकडे तयार असे. खरी परीक्षा दुसऱ्याची.

तो दुसरा प्रश्न इथे विचारून पाहा. २०२५ साली सुमारे २२ लाख मुलांनी ‘नीट’ दिली. त्यांतली १२ लाख ३६ हजार पात्र ठरली. एमबीबीएसच्या देशभरातल्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे परीक्षेला बसलेल्या साधारण अठरा मुलांमागे एक. त्यातही खासगी महाविद्यालयांचे शुल्क मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यापलीकडचे. ‘पात्र’ या शब्दाने पालक हुरळतात, पण पात्र होणे आणि जागा मिळणे यांत मोठे अंतर आहे. उरलेल्या सतरा मुलांचे काय, हा विचार विषय निवडतानाच करायचा असतो.

सतरांतला एक मला ठाऊक आहे. २०१८ च्या सुमारास मी एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. एक शिक्षक पत्नीच्या पाटल्या घेऊन सोने तारण कर्जासाठी आले. कारण विचारले तर म्हणाले, ‘‘मुलाचा क्लास, साहेब. दुसरी खेप आहे.’’ कागद व्यवस्थित होते, सोने खरे होते. मी कर्ज मंजूर केले. पुढच्या वर्षी ते पुन्हा आले. तिसऱ्या खेपेलाही मुलगा पात्र ठरला, पण सरकारी जागेपर्यंत पोहोचला नाही. मग त्याने संगणकाच्या अभ्यासक्रमांची चौकशी सुरू केली. प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न तोच: बारावीला गणित होते का?

नव्हते. इंजिनीअरिंगच्या बहुतेक वाटा, गणित आणि संख्याशास्त्राची पदवी, एनडीएतून हवाई दल किंवा नौदल, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा पदवी अभ्यासक्रम, या सगळ्या दारांवर बारावीचे गणित मागतात. मुलाने पुढे बी.एस्सी. केले, प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम केला, आणि आज तो जिल्ह्याच्या गावी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. त्याचे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. काम प्रतिष्ठेचे आहे आणि तो ते मनापासून करतो. पाटल्याही सुटल्या. पण निवृत्तीनंतर एकदा रक्त तपासायला गेलो असताना त्याने मला ओळखले. सुई टोचता टोचता म्हणाला, ‘‘साहेब, दहावीला मला गणितात शहाण्णव होते. तेवढंच तर मला चांगलं यायचं.’’

त्या कर्जाचा कागद बिनचूक होता. दुसरा प्रश्न मात्र मी त्या शिक्षकांना विचारला नव्हता. सोने तारण असले की आम्ही तो विचारत नसू.

आता कोणी म्हणेल, ज्या मुलीला जागा मिळणारच आहे तिने गणिताचे काय करायचे? डॉक्टरला गणित लागते कुठे? मुलाच्या वजनावरून औषधाचा डोस काढणे हे त्रैराशिक आहे. त्याला अकरावीचे पुस्तक लागत नाही, हे मान्य. पण त्याआधी ‘नीट’मधल्या भौतिकशास्त्राचे १८० गुण आहेत, आणि भल्याभल्यांचा पाय तिथेच घसरतो. आपल्या राज्य मंडळाच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात दुसरेच प्रकरण गणिती पद्धतींचे आहे: सदिश, विकलन, संकलन. गणित घेतलेले मूल ते वर्षभर गणिताच्या तासाला घोटते. गणित सोडलेले मूल तेच चार-पाच तासांत पाठ करते आणि मग दोन वर्षे ‘फिजिक्स अवघड जातंय’ म्हणत राहते. वाचवलेल्या दोन तासांतला बराच वेळ असा मागच्या दाराने निघून जातो.

आणि पुढचे? १९७८ साली हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयांतल्या साठ जणांना, म्हणजे विद्यार्थ्यांना आणि डॉक्टरांना, एक प्रश्न विचारण्यात आला. एक रोग हजारात एकाला होतो. त्याच्या तपासणीत निरोगी माणसांपैकी पाच टक्के लोक चुकून रोगी दिसतात. एखाद्याची तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली, बाकी काही माहीत नाही, तर त्याला तो रोग खरोखर असण्याची शक्यता किती? सर्वांत जास्त लोकांनी उत्तर दिले ९५ टक्के. बरोबर उत्तर साठांपैकी फक्त अकरा जणांनी दिले. हा संभाव्यतेचा प्रश्न आहे आणि संभाव्यता आपल्याकडे अकरावीच्या गणितात शिकवतात. चुकीचा आकडा मनात धरून बोलणारा डॉक्टर समोरच्या माणसाची झोप उडवू शकतो, नको त्या तपासण्यांच्या चक्रात त्याला ढकलू शकतो. एमबीबीएसला सामाजिक वैद्यकशास्त्रात जैवसांख्यिकी असतेच. पण तोवर या मुलांची गणिताशी ओळख कधीच तुटलेली असते.

माझ्या भाचीची मुलगी अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. तिलाही डॉक्टर व्हायचे आहे. तिथे वैद्यकीय महाविद्यालयात जाण्याआधी साधारणपणे चार वर्षांची पदवी घ्यावी लागते. ‘प्रीमेड’ ही वेगळी पदवी नव्हे, नुसती तयारी. इतिहासाची पदवी घेणारी मुलगीही डॉक्टर होऊ शकते, मात्र तिने जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र प्रयोगशाळेसह केलेले असले पाहिजे, आणि बऱ्याच ठिकाणी थोडे गणित किंवा संख्याशास्त्रही मागतात. तिचा प्रश्न होता, कॅल्क्युलस घ्यावे की संख्याशास्त्र? दोन्ही घेतले आणि एखाद्यात गुण घसरले तर सरासरी बिघडेल, ही धास्ती. म्हणजे भीती तीच. फक्त तिच्याकडे आपल्या मुलांपेक्षा दोन-तीन वर्षे जास्त आहेत आणि बरीच दारे अजून उघडी आहेत. आपण ती पंधराव्या-सोळाव्या वर्षी, तीही स्वखुशीने, लावून घेतो.

सगळ्यांनी गणित घ्यावेच, असे मी म्हणत नाही. ज्या मुलाला गणिताच्या नुसत्या नावाने घाम फुटतो, त्याला त्यात ढकलण्यात शहाणपण नाही. चार जड विषय, दोन भाषा आणि वर क्लास हे खरोखरच ओझे आहे. पण ज्याला गणित येते आणि आवडते, त्याने ते केवळ ‘नीट’ला नाही म्हणून सोडू नये. राज्य मंडळाच्या परिचित रचनेत बारावीला सहा विषय घ्यावेच लागतात. गणित सोडले तर त्या जागी भूगोल किंवा मानसशास्त्रासारखा दुसरा विषय येतोच. जागा रिकामी राहत नाही, फक्त भाडेकरू बदलतो. प्रवेशाच्या वेळी कॉलेजच्या कार्यालयात एवढे तरी विचारावे, की पुढे विषय बदलता येतो का, कधीपर्यंत, आणि कशाच्या जागी काय. घेतलेले गणित पुढे सोडता आले तर सोडता येते. सोडलेले पुन्हा धरणे फार कठीण. जीवशास्त्राच्या बाबतीत दार थोडे किलकिले झाले आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून देणाऱ्यांनाही ‘नीट’ला बसण्याची मुभा दिली. गणिताकडे परत येणाऱ्यांसाठी अशी सोय कोणी अजून फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.

हे सगळे मी मुलीला सांगितले. ती म्हणाली, ‘‘बाबा, दोन वर्षं तिच्याबरोबर जागणार मी आहे, तुम्ही नाही.’’ तिचेही खरे होते. म्हणून पुढे काही बोललो नाही. फक्त हार्वर्डचा तो प्रश्न नातीसमोर ठेवला. ती पटकन म्हणाली, ‘‘पंच्याण्णव टक्के!’’ तिच्या आईनेही मान डोलावली. मी म्हटले, हजार माणसे धरून मांडून बघ.

तिने वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात मांडले. हजारात रोगी एक. उरलेल्या ९९९ चे पाच टक्के म्हणजे जवळजवळ पन्नास. पॉझिटिव्ह एकूण एक्कावन्न, त्यात खरा रोगी एक. ‘‘दोन टक्के?’’ तिने दोनदा तपासले. मग पेन्सिल आईकडे सरकवली, ‘‘तू करून बघ.’’

आईनेही करून पाहिले. दोनच आले. कॉलेजमध्ये कागद द्यायचा दुसऱ्या दिवशी होता. त्या रात्री क्लासवाल्यांना फोन झाला नाही, एवढेच मला माहीत आहे. सकाळी नातीने फॉर्म भरला तेव्हा मी मुद्दामच फिरायला गेलो होतो. परतलो तेव्हा टेबलावर नव्या पुस्तकांची यादी पडली होती. त्यात गणिताचे दोन्ही भाग होते.